चोर सोडून मोबाइलला सुळी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर, सकाळी साडेआठच्या रांगेत, दोघांचे चांगलेच वाजले. पुढच्या मोटारसायकलवरच्या तरुणाने पैसे देण्यासाठी खिशातून फोन काढला, तेव्हा मागच्या स्कूटरवरचे कानटोपी घातलेले सत्तरीचे गृहस्थ ओरडले, "अहो, फोन आत ठेवा, सगळ्यांना जाळून माराल!" तरुणाने पेट्रोलच्या यंत्राकडे बोट केले. तिथे मोबाइलवर लाल फुली मारलेले चित्र होते आणि त्याच्याखाली वीतभर अंतरावर पैसे भरण्याचा क्यूआर कोड चिकटवलेला होता. "आजोबा, मग हा काय पूजेला लावलाय का?" रांगेत हशा पिकला आणि लगेच दोन तट पडले. या गदारोळात पंपावरचा मुलगा पलीकडच्या स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर ठेवलेल्या, खाद्यतेलाच्या जुन्या पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये पेट्रोल सोडत होता. कॅन स्कूटरवरच होता आणि स्कूटरचे इंजिन चालू होते. तिकडे कोणीच पाहत नव्हते.

संध्याकाळपर्यंत हाच वाद आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचला. एका बाजूने कुठल्याशा पंपावर भडका उडाल्याचा धूसर व्हिडिओ आला, दुसऱ्या बाजूने "ही सगळी अंधश्रद्धा आहे, नियम फक्त सामान्यांना" असा शेरा आला आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खूश झाल्या. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोबाइलवर बोलल्याने किंवा पैसे भरल्याने पेट्रोल पंपावर आग लागते, हे म्हणणे खरे नाही. पण त्यावरून पंपावरची सावधगिरीच थोतांड आहे असा निष्कर्ष काढणारे त्या आजोबांपेक्षा अधिक धोकादायक चूक करतात. आणि या दोघांपेक्षाही मोठी चूक त्या पाटीची आहे, कारण तिने गेली पंचवीसेक वर्षे खऱ्या गुन्हेगाराची जागा अडवून ठेवली आहे.

मुळात पंपावर पेटते काय, इथून सुरुवात करावी लागेल. द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. ही वाफ पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेटण्याइतकी सोडत असते. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, त्या थंडीतही पेट्रोल आपले काम सोडत नाही. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून ती वर उडून न जाता गाडीच्या कडेने खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपेक्षा कमी असेल किंवा ७.६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती पेटत नाही. टाकीत एक लिटर पेट्रोल गेले की टाकीतली लिटरभर वाफेने भरलेली हवा बाहेर ढकलली जाते. उन्हात नोझलच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते, ती हीच. पेटण्याजोगे मिश्रण या तोंडाभोवतीच्या थोड्याशा जागेत आणि सांडलेल्या पेट्रोलच्या वर असते. वाऱ्यावर ते लवकर विरळ होते. म्हणजे पंपाच्या आवारात सगळीकडे बारूद भरलेली नसते. धोक्याची जागा लहान असते, पण त्या जागेत तो खरा असतो.

या मिश्रणाला पेटायला किती ऊर्जेची ठिणगी लागते? सुमारे ०.२ मिलिज्यूल. इगतपुरीच्या इंद्रायणी तांदळाचा एक दाणा मीटरभर उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा सोडतो, साधारण तेवढी. हा आकडा ऐकला की आजोबांचा पक्ष आनंदित होईल, कारण फोनच्या बॅटरीत याच्या कोट्यवधी पट ऊर्जा साठवलेली असते. पण प्रश्न ऊर्जेच्या साठ्याचा नसून ती ऊर्जा वाफेत, उघड्यावर, ठिणगी होऊन बाहेर पडते का हा आहे. फोनमधून जे बाहेर पडते ते रेडिओ लहरींच्या रूपात. जुन्या जीएसएम फोनची कमाल क्षमता २ वॅट होती, आजच्या फोर-जी फोनची साधारण ०.२ वॅट आहे. स्फोटक वातावरणात वापरायच्या उपकरणांसाठी जे आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे, त्यात पेट्रोलच्या गटातील वाफांसाठी रेडिओ लहरींची मर्यादा ६ वॅट धरलेली आहे. आणि तेवढी शक्ती असली तरी तिची ठिणगी होण्यासाठी योग्य लांबीचा, मध्ये बारीक फट असलेला धातूचा सांगाडा तिला बरोबर जागी भेटावा लागतो. पंपावरच्या मुलाच्या हातातल्या कार्ड मशीनमध्येही सिमकार्ड असते आणि तेही फोनसारखेच लहरी सोडते. त्या मशीनवर फुली मारलेली पाटी मी आजवर पाहिलेली नाही.

आता ज्या गोष्टीवर फुली मारलेली नाही तिच्याकडे वळू. कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याचे कपडे घातलेला माणूस सीटवरून घसरत उतरला की त्याच्या अंगावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार, म्हणजे स्थिर विद्युत, जमतो. दाराच्या कडीला हात लावल्यावर आपल्याला जो चटका बसतो, तो जाणवतोच मुळी दोन-तीन हजार व्होल्टच्या पुढे. पाच हजार व्होल्टला माणसाच्या शरीरातून सुटणारी ठिणगी सुमारे दोन मिलिज्यूलची असते, म्हणजे पेट्रोलच्या वाफेला जेवढी लागते तिच्या आठ-दहा पट. नाशिकच्या हिवाळ्यात रात्री स्वेटर काढताना अंधारात जी चटचट दिसते आणि ऐकू येते, तिला आपण हसून "करंट बसला" म्हणतो आणि झोपी जातो. तोच स्वेटर घालून सकाळी आपण टाकीचे झाकण उघडतो, आणि भीती मात्र खिशातल्या फोनची बाळगतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीची बरीच वर्षे मी औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षेचे काम पाहिले. नव्वदच्या दशकातल्या एका जानेवारीत, पहिल्या पाळीत, एक कामगार पत्र्याच्या ड्रममधून टोल्युइन हा ज्वालाग्राही द्रावक प्लास्टिकच्या बादलीत काढत होता. बादलीला लोखंडी कडी होती. बादली भरत आली तेव्हा त्याने कडी धरून ती उचलली आणि बादलीच्या तोंडावर निळसर ज्योत फिरली. त्याने प्रसंगावधान राखून शेजारचे ओले गोणपाट टाकले, म्हणून मनगटावरच्या फोडांवर भागले. चौकशी झाली. व्यवस्थापनाने पहिल्या दिवशीच ठरवून टाकले की याने बिडी ओढली असणार, कारण तो बिडी ओढत असे हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याला आठ दिवस घरी बसवले, दारावर धूम्रपानबंदीची आणखी एक मोठी पाटी लागली, आणि बादली तिथेच राहिली. तीन आठवड्यांनी त्याच कोपऱ्यात, त्याच बादलीवर, बिडीच्या वासालाही न जाणारा दुसरा कामगार भाजला. त्यानंतर कुठे आम्ही बादलीकडे पाहिले. प्लास्टिकवरून द्रव वाहताना जमलेला भार कडीत साठत होता आणि हात लावताच सुटत होता. पत्र्याची बादली आणली, ड्रम आणि बादली तांब्याच्या तारेने जोडून अर्थिंग दिले, आणि माझ्या तिथल्या उरलेल्या काळात तो प्रकार पुन्हा घडला नाही. त्या काळी आमच्याकडे कोणाच्याही खिशात मोबाइल नव्हता. असता, तर दोष बिडीऐवजी त्याला दिला गेला असता याबद्दल मला शंका नाही. पहिल्या चौकशीच्या कागदावर माझीही सही होती, हे इथे लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल.

बाहेरच्या जगातही शोध याच वाटेने गेला आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या केंद्राने १९९९ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला, तेव्हा मोबाइलमुळे पंपावर आग लागते याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पंपाची यंत्रसामग्री बनवणाऱ्यांच्या तिथल्या संघटनेने, पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने, इंधन भरताना लागलेल्या दीडशेहून अधिक आगींची माहिती गोळा केली. त्यांत माणसाच्या अंगावरची स्थिर विद्युत पुनःपुन्हा आढळली. जवळजवळ निम्म्या घटनांत माणूस नोझल टाकीला लावून पुन्हा गाडीत जाऊन बसला होता आणि उतरून त्याने नोझलला हात लावला होता. मोबाइल कारणीभूत ठरल्याची एकही घटना त्यांना पक्की करता आली नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू पाल्ट्झ गावी मे २००४ मध्ये एक विद्यार्थी पंपावर भाजला. अग्निशमन प्रमुखांनी आधी त्याच्या फोनला दोष दिला आणि ती बातमी जगभर गेली. थोड्याच दिवसांत त्यांनी आपले विधान मागे घेऊन स्थिर विद्युतीकडे बोट दाखवले, पण ती दुसरी बातमी पहिलीइतकी धावली नाही. आपल्या व्हॉट्सॲपवर अजून पहिलीच फिरते.

पण मग व्हिडिओचे काय, असे विचारले जाते. माणूस फोनवर बोलताना दिसतो, भडका दिसतो, डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे? इथे मला १९९५ साल आठवते. त्या वर्षी ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि दोन महिन्यांच्या आत, २१ सप्टेंबरला, देशभर गणपती दूध पिऊ लागला. त्या दिवशी देवळांपुढे रांगेत उभे राहिलेले लोक खोटे बोलत नव्हते. चमच्यातले दूध खरोखर कमी होत होते. दूध कमी झाले हे निरीक्षण बरोबर होते आणि गणपती प्यायला हे कारण चुकीचे होते. पृष्ठताणाने ओढले गेलेले दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने ओघळून जात होते, आणि शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळताच त्याची वाट सगळ्यांना दिसली. पंपावरच्या व्हिडिओचेही तसेच आहे. फोन खरा, भडका खरा, दोघांना जोडणारी दोरी मात्र पाहणाऱ्याच्या मनातली. आज जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन आहे, तेव्हा कुठलीही आग लागली तरी शेजारी फोन सापडणारच. पायात चप्पलही सापडते, पण आपण चपलेला दोष देत नाही, कारण ती नवी आणि गूढ नाही.

आता दुसऱ्या बाजूचे जे खरोखर वजनदार आहे ते मान्य केले पाहिजे. पहिले म्हणजे, फोन बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच माहितीपत्रकात इंधन भरण्याच्या जागी फोन बंद ठेवा असे लिहीत आल्या आहेत. बनवणाराच सांगतो, तर आपण कोण? या सूचनेचा जन्म समजून घेतला तर तिच्याबद्दल आदरही वाटतो आणि तिची मर्यादाही कळते. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा या, समुद्रातून तेल काढण्याच्या फलाटावर स्फोट होऊन १६७ माणसे मेली आणि त्यानंतर तेल उद्योगाने ठिणगीची शंका येईल अशी प्रत्येक वस्तू संशयित धरायला सुरुवात केली. केंट विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ ॲडम बर्जेस यांनी २००७ मध्ये या विषयावर सविस्तर लिहिताना मोबाइलबंदीचे मूळ याच वातावरणात दाखवले. त्या काळी गाडीत ठेवायचे फोन ३ वॅटचे होते, तंत्र नवे होते, अनुभव नव्हता, तेव्हा शंकेचा फायदा सुरक्षिततेला देणे योग्यच होते. तेलाच्या फलाटावर, टँकर भरणाऱ्या डेपोत किंवा आमच्या रंगाच्या कारखान्यात आजही फोन दारातच ठेवून घेतात, आणि ठेवूनच घ्यावेत, कारण तिथे वाफ तासन्‌तास आणि मोठ्या जागेत साचू शकते. माझा आक्षेप शंका घेण्याला नाही. पंचवीस वर्षे शंकेची शहानिशा होऊनही पाटी बदलली नाही, याला आहे.

दुसरा मुद्दा बॅटरीचा. लिथियमची बॅटरी फुगते, तापते आणि क्वचित पेटतेही. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा आख्खा फोन बाजारातून मागे घ्यावा लागला होता आणि विमानात तो नेण्यावरही बंदी आली होती. हे नाकारण्यात अर्थ नाही. पेटती बॅटरी वाफेजवळ आली तर वाफ पेटेल. पण हा धोका फोन वापरण्याचा नसून फोन जवळ असण्याचा आहे, आणि खिशात बंद करून ठेवलेली सदोष बॅटरीसुद्धा तितकीच सदोष असते. पाटी हाच धोका टाळण्यासाठी असती तर तिने फोन घरी ठेवून यायला सांगितले असते. फुगलेल्या पाठीचा फोन बाळगू नका, हा सल्ला बरोबर आहे. तो पंपावर जितका लागू आहे तितकाच उशीखालीही आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त पटतो. फोनमध्ये डोके घातलेला माणूस पंपावर खरोखर धोकादायक असतो, पण लहरींमुळे नव्हे. त्याला पुढची गाडी हललेली कळत नाही, नोझल टाकीत असताना तो गाडी पुढे घेतो, टाकी भरून वाहू लागली तरी बोलत राहतो, आणि सांडलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर जाते. म्हणून पंपावर फोनवर बोलू नये, असे मीही म्हणतो. मग पाटीवर तसे लिहा ना! "इकडे लक्ष द्या, फोन नंतर" असे लिहिले तर ते खरेही आहे आणि कोणालाही पटेल असेही. खरे कारण हाताशी असताना खोटे कारण पुढे करण्याची गरज का पडावी?

"कारण चुकीचे असले तरी परिणाम तर चांगलाच होतो, मग बिघडले काय?" हा प्रश्न अगदी विचारी माणसेही करतात, म्हणून त्याला जरा वेळ देतो. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनची अशीच खात्री होती की कॉलरा दुर्गंधीतून पसरतो. दुर्गंधी घालवायची म्हणून अधिकाऱ्यांनी १८४८च्या सुमारास घरोघरचे मैल्याचे खड्डे उपसून, गटारे धुऊन, सगळी घाण थेम्स नदीत सोडली. हेतू स्वच्छतेचा होता, दुर्गंधी घरातून गेलीही. पण तीच नदी शहराच्या मोठ्या भागाचे पिण्याचे पाणी होती, आणि १८४८-४९च्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांच्या आसपास माणसे दगावली. पुढे १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरांची माहिती काढून ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले आणि त्याचा दांडा काढायला लावला, तेव्हाही दुर्गंधीवाल्यांना ते पटले नव्हते. चुकीच्या कारणावर केलेली उपाययोजना कधी कधी निरुपद्रवी असते, पण ती माणसाला "आपण काळजी घेतली" असे समाधान देऊन जाते. त्या सकाळी आजोबांनी फोनवर लक्ष ठेवले, तरुणाने आजोबांवर ठेवले आणि प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल पडत राहिले. आमच्या बादलीच्या बाबतीतही हेच झाले होते.

त्या कॅनबद्दल कायदा काय म्हणतो? पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा आहे. त्याच्या आठव्या कलमानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच किंवा चिनी मातीचे भांडे असेल तर एका लिटरपर्यंतचे आणि धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंतचे. त्या यादीत प्लास्टिक नाही. आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या पंपासाठी, विहिरीवरच्या छोट्या इंजिनासाठी पेट्रोल न्यावेच लागते, आणि दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला आख्खा ट्रॅक्टर घेऊन पंपावर या असे सांगणे हास्यास्पद आहे. पण धातूचा डबा आणा, तो गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवा, नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून सावकाश भरा, एवढे सांगणे हास्यास्पद नाही. डबा जमिनीवर टेकला की जमणारा भार जमिनीत उतरतो. स्कूटरच्या रबरी मॅटवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधून तो कुठेच उतरत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर मीही अमेरिकेचे आकडे आपल्यावर चिकटवल्यासारखे होईल. तिथे लोक स्वतःच्या हाताने इंधन भरतात आणि थंडीत मध्येच गाडीत जाऊन बसतात. आपल्याकडे नोझल पंपावरच्या मुलाच्या हातात असते, त्यामुळे त्यांच्याकडच्या आगींचा नेमका तो प्रकार इथे कमी घडणार. पण आपल्याकडे दुचाकी आहेत. टाकी मांडीखाली किंवा गुडघ्यांमध्ये, इंजिन तिच्याखाली तापलेले, आणि "फुल्ल कर" म्हटल्यावर झाकणाच्या काठापर्यंत भरण्याची हौस. किती जण इंजिन बंद करून गाडीवरून उतरतात? ज्या यंत्राच्या पोटात मिनिटाला शेकडो ठिणग्या पाडून पेट्रोल जाळले जाते, ते यंत्र चालू ठेवून त्याच्या टाकीत पेट्रोल ओतायचे आणि भीती खिशातल्या फोनची बाळगायची, याला काय म्हणावे? (डिझेलवाल्यांचा धोका पुष्कळ कमी. आपल्या मानकाप्रमाणे डिझेलला पेटण्याजोगी वाफ सोडायला निदान ३५ अंशांचे तापमान लागते.)

तरुणाच्या बाजूचेही ऐकून घेऊ. त्याचा युक्तिवाद चटपटीत आहे: मोबाइलने आग लागत असती तर पंपवाल्यांनी क्यूआर कोड लावला असता का? पण हा युक्तिवाद अपुरा आहे. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने पंपावर डिजिटल पैसे देणाऱ्यांना ०.७५ टक्के सूट जाहीर केली आणि पुढे मोबाइलवरून पैसे भरणे अंगवळणी पडले. सोयीसाठी नियम वाकवला गेला म्हणून नियम निराधार होता, असे सिद्ध होत नाही. उद्या कोणी सोयीसाठी अग्निशामकाची नळकांडी हलवून तिथे बाकडे टाकले, तर आग लागत नसते असे ठरत नाही. मोबाइल निर्दोष आहे तो वर सांगितलेल्या मोजमापांमुळे आणि नोंदींमुळे. तरुणाचा निष्कर्ष बरोबर आहे, पण कारण चुकीचे आहे, आणि म्हणूनच तो पुढच्या पायरीवर घसरतो. एक पाटी खोटी ठरली की त्याच्या लेखी इंजिन बंद ठेवण्याची पाटीही खोटी ठरते. खोट्या इशाऱ्याची खरी किंमत ती आहे. लांडगा आला रे म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, पण त्या गोष्टीत लांडगा खरोखर होता हे विसरतो.

सामान्य माणसाला स्थिर विद्युत वगैरे कळणार नाही, त्याला एकच सोपा नियम हवा, असे एक जाणते म्हणणे असते. मला ते पटत नाही. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलिसांनी "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" ही मोहीम राबवली, तेव्हा पंपावर शेजाऱ्याचे हेल्मेट दोन मिनिटांपुरते डोक्यावर ठेवून पेट्रोल भरणारे लोक मी पाहिले. हेल्मेटचे कारण तर खरे होते, तरी ते मनात न उतरल्याने नियमाचा नुसता विधी झाला. मग ज्या नियमाचे कारणच खोटे, त्याचे काय होणार? आणि स्वेटरची चटचट ज्याने अनुभवली नाही असा माणूस या शहरात सापडेल का? त्याला स्थिर विद्युत शिकवावी लागत नाही. तीच चटचट टाकीच्या तोंडाशी झाली तर काय होईल, एवढेच विचारायचे असते.

मोठ्या आगींचा धडाही याच दिशेने जातो. ऑक्टोबर २००९ मध्ये जयपूरजवळच्या सीतापुरा इथल्या तेलाच्या डेपोत पेट्रोल तासाहून अधिक काळ गळत राहिले, वाफेचा ढग आवारभर पसरला आणि मग स्फोट झाला. आग कित्येक दिवस धुमसत होती. त्या ढगाला नेमकी कोणत्या ठिणगीने काडी लावली, हा प्रश्न मोठा वाटतो खरा, पण एवढा ढग तयार झाल्यावर कोणती ना कोणती ठिणगी त्याला भेटणारच होती. थांबवायची होती ती गळती. पंपावरही तेच सूत्र लहान प्रमाणात लागू होते. सांडू न देणे, काठोकाठ न भरणे, टँकर खाली करताना अर्थिंगची क्लिप आधी लावणे आणि आवारातली वाहने लांब ठेवणे, ही कामे कोणाच्या फोनवर ओरडण्यापेक्षा कंटाळवाणी आहेत. म्हणून ती आधी विसरली जातात.

पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. पंपाचे परवाने, आवाराची आखणी आणि सुरक्षेच्या अटी तिच्या अखत्यारीत येतात. नाशिकच्या पंपचालकांनी आणि ग्राहक संघटनांनी तिच्याकडे पाटी बदलण्याची मागणी करावी, आणि तोपर्यंत स्वतःच्या खर्चाने एक जास्तीची पाटी लावावी. तिच्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे: इंजिन बंद करा आणि दुचाकीवरून उतरा. प्लास्टिकच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल मिळणार नाही. डबा धातूचा हवा आणि तो जमिनीवर ठेवूनच भरला जाईल. टाकीचे झाकण उघडण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला, टाकीच्या तोंडापासून दूर, हात लावा. नोझल टाकीत असताना भडका उडालाच तर नोझल ओढून काढू नका, बाजूला व्हा आणि पंपावरच्या माणसाला यंत्र बंद करायला सांगा. मोबाइलची ओळ अगदी शेवटी चालेल: पेट्रोल भरून होईपर्यंत फोन खिशात, कारण तुमचे लक्ष इकडे हवे. क्यूआर कोड यंत्रावरून काढून पैसे घेण्याच्या खिडकीशी लावला, तर रांगही लवकर सरकेल आणि आजोबांना ओरडायचे कारणही उरणार नाही.

त्या सकाळी माझी पाळी आली तेव्हा मी पंपावरच्या मुलाला त्या कॅनबद्दल विचारले. तो तोंडओळखीचा, म्हणून रागावला नाही. "काका, मालक फक्त मोबाइलचं बघायला सांगतात," तो म्हणाला, आणि माझ्या मागच्या माणसाला हाताने पुढे बोलावले. त्याच्या हँडलला दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली लटकत होती.